उतरंड कॉकपिटच्या बाहेर ठेवा

काही आठवड्यांपूर्वी रायपूरहून एका मुलाचा फोन आला. कमर्शियल पायलट लायसन्स त्याच्या हातात आहे, दोनशे तासांहून जास्त उड्डाण झाले आहे आणि एका विमान कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले आहे. आम्ही दोन तास बोललो. हवामानाचे अहवाल, डीजीसीएचे नियम, जेट इंजिनाची रचना, धुक्यातले लँडिंग, सगळे त्याला पाठ होते. फोन ठेवता ठेवता तो थांबला आणि म्हणाला, "ताई, एक राहिलंच. बाबा काय करतात असं विचारलं तर काय सांगू?"

त्याचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत.

वैमानिकाच्या मुलाखतीच्या तयारीची पुस्तके बाजारात मिळतात, क्लास मिळतात, व्हिडिओ मिळतात. या एका प्रश्नाचे उत्तर त्यातल्या कशातच नसते, कारण ती बनवणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला मात्र तो मुलाखतीच्या आदल्या रात्री झोपू देत नाही. म्हणून आज त्याच्यावरच लिहायचे ठरवले.

मी आज एका प्रवासी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सह-वैमानिक आहे. माझे आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून मध्य प्रदेशात आले आणि तिकडचेच झाले. बाबा इटारसीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि इंग्रजी फक्त पुस्तकात, अशी आमची वाढ. पहिल्या मुलाखतीला मी गुरुग्रामला गेले तेव्हा खोलीत तिघे बसले होते. सुरुवातीलाच एकाने विचारले, घरी कोणी एव्हिएशनमध्ये आहे का? नाही म्हटले. मग वडील काय करतात? मी म्हणाले, सरकारी नोकरीत आहेत. कोणत्या खात्यात? रेल्वेत. अधिकारी आहेत का? मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. नुसती हसले. त्यानंतर आडनाव कुठले, मूळ गाव कुठले, असे दोन प्रश्न झाले.

पुढचा प्रश्न होता, व्ही-वन म्हणजे काय? धावपट्टीवर वेग घेताना उड्डाण रद्द करण्याचा निर्णय ज्या वेगापर्यंत घेता येतो तो वेग. त्याच्या पुढे गेल्यावर एक इंजिन बंद पडले तरी विमान उडवायचेच असते. मी हे झोपेतही सांगितले असते. त्या दिवशी मी अडखळले, कारण माझे अर्धे डोके अजून बाबांच्या नोकरीपाशीच होते. आता पुढे काय विचारतील, मी काय सांगितले आणि काय लपवले, याचाच हिशेब चालला होता. चार दिवसांनी दोन ओळींचा मेल आला. कारण लिहिलेले नव्हते.

मला जातीमुळे नाकारले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माझे उत्तर खरोखरच अडखळले होते. पण ते का अडखळले, आणि वडिलांच्या हुद्द्याचा विमान उडवण्याशी संबंध काय, हे विचारण्याची सोय त्या मेलमध्ये नव्हती.

माझा हा संकोच एकटीचा असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांत होता: काही नावे उच्चजातीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी बोलून पाहिले. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असे सांगणारे हे लोक उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र महत्त्वाची मानत होते. घर कसे, वडील काय करतात, वाढ कुठे झाली, यावरून माणूस कळतो असा त्यांचा समज होता. हे अभ्यास विमान कंपन्यांपुरते नाहीत. पण गुरुग्रामच्या खोलीत मला विचारलेले प्रश्न याच यादीतले होते.

त्यात आता खोल्यांचा मालकही बदलला आहे. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा तिच्या भरतीत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी राखीव जागा असत. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली. आज देशातल्या मोठ्या प्रवासी विमान कंपन्या खासगी आहेत आणि खासगी नोकरीला आरक्षणाचे बंधन नाही. म्हणजे वैमानिक व्हायचे तर बहुतेकांना अशाच एका खोलीतून जावे लागते जिथे रोस्टर नाही, गुणपत्रिका नाही आणि नकाराचे कारण देण्याची सक्तीही नाही. आत शिरल्यावर सगळे संपते असेही नाही. २०२५ साली दलित समाजातल्या एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाने आपल्या वरिष्ठांनी जातीवरून अपमान केल्याची फिर्याद पोलिसांत दिली आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. कंपनीने आरोप फेटाळले. खरेखोटे न्यायालयात ठरेल. पण ती बातमी वाचून आपल्यातल्या किती आईबापांनी मुलीचा फॉर्म भरताना हात आखडता घेतला असेल, ते कोणत्याही न्यायालयात ठरणार नाही.

मुळात त्या खोलीपर्यंत पोचायलाच पैसा लागतो. प्रशिक्षणाचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो आणि विशिष्ट विमानाच्या टाइप रेटिंगचे पैसे वेगळे. बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात, त्यापुढे घर किंवा जमीन मागतात. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांनी काय ठेवायचे? माझ्यासाठी बाबांचा प्रॉव्हिडंट फंड आणि राहते घर, दोन्ही लागले. वाटा अगदीच नाहीत असे नाही, आणि त्या आपल्या लोकांना माहीत हव्यात. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या सरकारी उड्डाण अकादमीत राखीव जागा आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमांत कमर्शियल पायलट लायसन्सचा समावेश आहे. महाराष्ट्रात 'महाज्योती'ने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षण चालवले आहे. बारावीला विज्ञान घेतलेले मूल ज्यांच्या घरात आहे त्यांनी याची चौकशी आजच करावी, बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

वैमानिकाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. तुम्ही सह-वैमानिक आहात, कॅप्टन चूक करतो आहे, तुम्ही काय कराल? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते की समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना? कॅप्टनने ठामपणे हो म्हटले आणि विमान पुढे नेले. आपल्याकडे २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला येणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या पलीकडे दरीत कोसळले आणि १५८ माणसे मेली. चौकशीत निघाले की सह-वैमानिकाने तीन वेळा 'गो-अराउंड' म्हटले होते, म्हणजे लँडिंग सोडा आणि पुन्हा वर चला. कॅप्टनने ऐकले नाही.

या दोन्ही ठिकाणी जात नव्हती. उतरंड होती. वरच्याचे चुकत नाही आणि खालच्याने बोलायचे नाही, ही समजूत होती. अशा अपघातांतून धडा घेऊन विमान वाहतुकीने १९७९ नंतर एक नवे शास्त्रच उभे केले. त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात आणि आज प्रत्येक वैमानिकाला ते शिकावे लागते. त्याचे सार एवढेच की कॉकपिटमध्ये हुद्दा असावा, पण हुद्द्यामुळे खालच्याचा आवाज बंद होऊ नये. कारण आवाज बंद झाला की माणसे मरतात.

मित्रमैत्रिणींनो, उतरंडीने माणसे मरतात हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पण मुलाखतीत हेच ज्ञान आपल्या उलट जाते, आणि तयारी नेमकी इथे करावी लागते. आपल्यापैकी अनेकजण या प्रश्नाला उत्तर देतात, "सर, कॅप्टन अनुभवी असतात, मी त्यांचं ऐकेन." साहेबासमोर उलट बोलू नये, हे आपल्याला घरात प्रेमापोटीच शिकवलेले असते. उलट बोलण्याची किंमत आईबापांनी मोजलेली असते. काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, "मी लगेच कंट्रोल हातात घेईन." दोन्ही उत्तरे नापास करणारी आहेत. योग्य उत्तराला पायऱ्या आहेत. आधी विचारायचे: कॅप्टन, आपला वेग जास्त आहे, बरोबर ना? मग सावध करायचे: आपण ठरलेल्या मर्यादेबाहेर आहोत. मग स्पष्ट आव्हान द्यायचे: हे लँडिंग सुरक्षित नाही, गो-अराउंड. आणि तरीही काही झाले नाही, समोर धोका दिसतो आहे, तरच नियंत्रण आपल्या हाती घ्यायचे. हे उत्तर नुसते पाठ करून चालत नाही. ते मोठ्या आवाजात, कोणाला तरी समोर कॅप्टन म्हणून बसवून, दहा-वीस वेळा म्हणून पाहायला हवे. माझ्या तोंडून पहिल्यांदा जे 'गो-अराउंड' निघाले ते विनंतीसारखे होते.

बाकीच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगते.

तांत्रिक भागात दयामाया नाही आणि ते आपल्या फायद्याचे आहे. तिथे आडनाव चालत नाही. डीजीसीएचे पेपर सत्तर टक्क्यांना पास झालात म्हणून वह्या बांधून ठेवू नका. हवामान, नियम, इंजिन, विमानाची कामगिरी, सगळे 'का' या प्रश्नासकट पुन्हा करा. व्याख्या सांगितली की पुढचा प्रश्न कारणाचाच असतो. भारतातले अपघात नीट वाचा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने धडकली आणि ३४९ माणसे गेली. त्यानंतर टक्कर टाळणारी यंत्रणा विमानात बसवणे का सक्तीचे झाले, आणि ती यंत्रणा 'वर चढा' म्हणत असताना कंट्रोलरने 'खाली या' म्हटले तर कोणाचे ऐकायचे, हे सांगता आले पाहिजे. ऐकायचे यंत्रणेचे.

सिम्युलेटरचा तास महाग असतो. पण खुर्चीवरचा सराव फुकट आहे. कॉकपिटचे मोठे चित्र भिंतीला लावा, समोर खुर्ची टाका आणि उड्डाणापासून लँडिंगपर्यंत प्रत्येक हालचाल, प्रत्येक कॉलआउट हात लावून, तोंडाने म्हणत करा. आमच्या घरी ते चित्र धान्याच्या कोठीवर चिकटवले होते. आई पीठ काढायला आली की मी 'उड्डाण' थांबवायचे. परीक्षक पहिल्या चुकीला फारसे घाबरत नाहीत. सांगितलेले ऐकून तुम्ही दुसऱ्या वेळी सुधारता का, ते बघतात.

इंग्रजीचा बाऊ करू नका. वैमानिकाच्या इंग्रजीची मोजपट्टी आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिली आहे. तिच्या सहा पातळ्या आहेत आणि चौथी पातळी आवश्यक धरतात. उच्चारावर मातृभाषेचा परिणाम असू शकतो हे त्या मोजपट्टीत सहाव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीलाही मान्य आहे. अट एकच, समोरच्याला समजायला अडचण येता कामा नये. कॉन्व्हेंटचा उच्चार कुठेही मागितलेला नाही. म्हणून उच्चार बदलण्यात महिने घालवू नका. सावकाश, स्पष्ट आणि लहान वाक्यांत बोलायची सवय करा. रेडिओवर तेच लागते.

प्रशिक्षणाला इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांना विचारला जातो. इतरांचे दीड-दोन वर्षांत होते, आपले चार वर्षांत, कारण मध्येच पैसे संपतात, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकतो. यात लाजण्यासारखे काही नाही, पण रडगाणेही गाऊ नका. तारखा सांगा. या महिन्यात शुल्क थांबले, त्या महिन्यात पुन्हा सुरू झाले, मधल्या काळात मी हे-हे केले, आणि शेवटचे उड्डाण अमुक तारखेला झाले. लॉगबुकातले आकडे तोंडपाठ हवेत: एकूण तास, स्वतः कमांडमध्ये असलेले तास, रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटवरचे तास.

आणि बाबांचा प्रश्न. यावर माझे मत असे आहे. जात सांगायला तुम्ही कोणालाही बांधील नाही. ती सांगायची की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि न सांगणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. पण वडिलांच्या कामाबद्दल खोटे बोलू नका, गुळमुळीतही बोलू नका. हे मी नीतीसाठी सांगत नाही. लपवायला लक्ष लागते, आणि तेच लक्ष पुढच्या प्रश्नाला हवे असते. व्ही-वनची व्याख्या मी तिथेच घालवली. एक सरळ वाक्य तयार ठेवा, आरशासमोर म्हणा, घरच्यांसमोर म्हणा. त्या वाक्यानंतर गप्प राहायला शिका.

दुसऱ्या मुलाखतीत मी सांगितले, "माझे वडील रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. आमच्या घरात विमानात बसलेली मी पहिली." पॅनेलवरच्या एका वयस्क कॅप्टनने विचारले, सुरक्षितता कोणाकडून शिकलात? मला बाबांची एक गोष्ट आठवली. ब्रेकची तपासणी पुरी झाल्याशिवाय एका इंजिनाच्या कागदावर त्यांनी सही करायला नकार दिला होता. वरिष्ठ ओरडला, गाडीला उशीर झाला, आणि बाबांना महिनाभर रात्रपाळी लागली. सही त्यांनी तपासणीनंतरच केली. हे मी सांगितले आणि त्यानंतर कॅप्टन चुकला तर काय कराल, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही.

माझी निवड झाली. पण खरे बोलल्यामुळे निवड होते, असा अर्थ यातून काढू नका. माझ्या एका मैत्रिणीने असेच सरळ उत्तर दिले आणि दोन ठिकाणी तिला नकार आला. आज ती एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवते. तिचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे. तयारीने आपली बाजू मजबूत होते, पण पलीकडची खोली तयारीने बदलत नाही. ती बदलायची जबाबदारी उमेदवारावर टाकून चालणार नाही.

म्हणून विमान कंपन्यांना सांगायचे आहे ते त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत सांगते. कॉकपिटमध्ये अंदाजाने काम होऊ नये म्हणून तुम्ही चेकलिस्ट केलीत. मग मुलाखत अंदाजाने का घेता? प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारा. प्रत्येक परीक्षकाने आपापसात बोलण्याआधी आपले गुण स्वतंत्रपणे लिहावेत. वडिलांचा हुद्दा, आडनाव, मूळ गाव हे प्रश्न यादीतून काढून टाका. नकार द्यायचा असेल तर कोणत्या भागात कमी पडलो ते लेखी कळवा. कॉकपिटमधला शब्द न् शब्द व्हॉइस रेकॉर्डरवर राहतो, कारण चूक कुठे झाली ते नंतर समजले पाहिजे. मुलाखतीच्या खोलीतला एकही शब्द राहत नाही. आणि सरकारने, ज्याने एक सरकारी विमान कंपनी विकताना तिथल्या राखीव जागाही सोबत जाऊ दिल्या, किमान एवढे करावे: प्रत्येक विमान कंपनीत कोणत्या समाजघटकांतले किती वैमानिक आहेत, याचा आकडा दरवर्षी संसदेत ठेवायला लावावा. जे मोजले जात नाही ते सुधारलेही जात नाही.

आपण आपल्यासाठी काय करायचे? ज्यांच्या घरात काका कॅप्टन असतो त्यांना हे सगळे जेवणाच्या टेबलावर फुकट मिळते. कोणते पुस्तक वाचायचे, पॅनेल कुठे अडवते, सिम्युलेटरमध्ये काय बघतात, हे त्यांना विचारावेही लागत नाही. आपल्याकडे तो काका नाही. तेव्हा आपल्यातले जे पोचले त्यांनी काका व्हायचे, मावशी व्हायचे. आठवड्यातून एक तास फोनवर द्या. एखाद्या मुलीसमोर खोटा कॅप्टन बनून बसा आणि ती 'गो-अराउंड' ठामपणे म्हणेपर्यंत उठू नका. हे फक्त वैमानिकांपुरते नाही. बँक असो, आयटी कंपनी असो की विद्यापीठ, मुलाखतीची खोली सगळीकडे अशीच असते.

रायपूरच्या मुलाला मी म्हणाले, "आता मला सांग. बाबा काय करतात?"

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "नगरपालिकेत सफाई कामगार आहेत."

"पुन्हा सांग. आवाज थोडा मोठा."

त्याने सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा मागून कोणाचा तरी हसण्याचा आवाज आला. "बाबाच आहेत," तो म्हणाला, "इथेच बसलेत." त्याची मुलाखत झाली आहे, निकाल अजून यायचा आहे.